नवतपा आणि उणे अठ्ठेचाळीस व्होल्ट

मोबाइलचा टॉवर असो, पोलिसांच्या किंवा वनविभागाच्या बिनतारी यंत्रणेचा खांब असो, की गावापर्यंत हवेतून इंटरनेट पोचवणारी लोखंडी जाळी असो, वर चढवलेल्या प्रत्येक यंत्राला शेवटी डीसी वीज लागते, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. महावितरणच्या तारेतून येते ती एसी. या दोघींच्या मध्ये टॉवरच्या पायथ्याशी एक पेटी असते. ती एसीची डीसी करते, बॅटरी भरते आणि लाइन गेली की बॅटरीची वीज वर पाठवते. या पेटीची निवड सहसा सगळ्यांत शेवटी होते. रेडिओ कोणता, अँटेना कोणती, उंची किती हे सगळे ठरते, पैसे संपत येतात, आणि मग यंत्रांच्या वॅटची बेरीज करून वर थोडे चढवून जो पुरवठा स्वस्त मिळेल तो घेतला जातो. मला ही रीत मुळातच चुकीची वाटते. वर्धा जिल्ह्यासारख्या प्रदेशात डीसी पुरवठ्याचा आकार आणि प्रकार ठरवतात ती बॅटरी आणि ऊन. यंत्रांचे वॅट हा त्या हिशेबातला सर्वांत सोपा आणि सर्वांत लहान आकडा आहे.

आधी विजेची स्थिती पाहू. देवळी तालुक्यात पॉवरग्रिडचे ७६५ किलोव्होल्टचे उपकेंद्र आहे, म्हणजे देशाच्या वीजजाळ्यातला एक मोठा नाका याच जिल्ह्यात आहे. पण टॉवरला त्या नाक्याचा उपयोग फारसा नाही. टॉवर जगतो तो ११ किलोव्होल्टच्या फीडरच्या टोकाला असलेल्या गावच्या डीपीवर. गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे केल्यापासून गावातल्या घरांना वीज पूर्वीपेक्षा जास्त वेळ मिळते, पण शेतात किंवा टेकडीवर उभ्या केलेल्या टॉवरला जवळची तार कोणत्या फीडरची आहे यावर सगळे अवलंबून असते. शेतीच्या फीडरवर वीज ठरावीक तासच असते. रब्बीत हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी सुरू झाले की एकाच डीपीवरचे पंप एकदम चालू होतात आणि २३० च्या जागी खूपच कमी व्होल्ट उरतात. उलट कुठे न्यूट्रल तुटला तर तीच तार ३०० च्या वर जाते. म्हणून पुरवठा निवडताना पहिला प्रश्न असा विचारावा की आत येणारे व्होल्ट किती खाली-वर झाले तरी तो चालतो. दूरसंचाराच्या कामासाठी बनवलेला एसएमपीएस रेक्टिफायर, म्हणजे एसीची डीसी करणारा संच, साधारण ९० ते ३०० व्होल्टपर्यंत काम करतो आणि त्याच्या वर गेल्यास स्वतःला तोडून घेतो. दुकानातला साधा अडॅप्टर त्याच्या पाटीवर १०० ते २४० लिहिलेले असूनही अशा झटक्यांसाठी बनवलेला नसतो. त्याच्या आधी स्टॅबिलायझर जोडणे म्हणजे बिघडू शकणारी आणखी एक वस्तू साखळीत घालणे.

लहान ठिकाणी हमखास दिसणारी रचना अशी: घरगुती इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी, त्यातून निघणारी २३० व्होल्ट एसी, तिच्यावर ओळीने लावलेले अडॅप्टर, आणि त्या अडॅप्टरांतून निघणारी डीसी. बॅटरीत डीसी आहे, यंत्राला डीसी हवी आहे, आणि मध्ये दोनदा रूपांतर. लहान इन्व्हर्टर ८०-८५ टक्के कार्यक्षमतेने चालतो, अडॅप्टरही त्याच आसपास. दोन्हींचा गुणाकार ७० टक्क्यांवर येतो. म्हणजे १०० वॅटच्या यंत्रांसाठी बॅटरीतून १४० वॅटहून जास्त वीज जाते आणि तेवढ्याच तासांसाठी बॅटरी चाळीस टक्के मोठी घ्यावी लागते. इन्व्हर्टर रिकामा चालू ठेवला तरी दहा-वीस वॅट खातो, ते वेगळे. बॅटरी, रेक्टिफायर आणि यंत्रे एकाच डीसी पट्टीवर जोडली तर हे सगळे टळते. लाइन गेल्यावर काही बदलावेच लागत नाही, कारण बॅटरी आधीपासून पट्टीवर असतेच. इन्व्हर्टर बॅटरीवर जाताना जो क्षणभराचा खंड पडतो आणि ज्यामुळे राउटर पुन्हा सुरू होत बसतो, तो इथे संभवत नाही. दूरध्वनी केंद्रे मोबाइल येण्याच्या कितीतरी आधीपासून याच पद्धतीने चालत आली आहेत.

आता आकाराचा हिशेब. १०० वॅटचा भार धरू: दोन-तीन रेडिओ, एक दूरचा दुवा, एक स्विच, एक राउटर. ४८ व्होल्टवर हा प्रवाह सुमारे २.१ अँपिअर होतो. दहा तासांची सोय हवी असेल तर २१ अँपिअर-तास लागतील. शिशाची सीलबंद बॅटरी रोज निम्म्यापेक्षा जास्त उपसली तर लवकर मरते, म्हणून ४२ धरावे. बॅटरीचे आयुष्य संपले असे आपण म्हणतो तेव्हा तिच्यात ८० टक्के क्षमता उरलेली असते, आणि त्या शेवटच्या वर्षीही दहा तास निघायला हवेत, म्हणून ५२. बाजारात या आकड्याच्या आसपास जी मिळेल ती घ्यावी. पण हिशेब इथे थांबत नाही, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. रिकामी झालेली बॅटरी परत भरायची आहे. शिशाच्या बॅटरीला तिच्या क्षमतेच्या दहा टक्के प्रवाह देणे ही सर्वसाधारण रीत, म्हणजे सव्वापाच अँपिअर. त्याच वेळी यंत्रेही चालू आहेत, त्यांचे दोन. मिळून सव्वासात अँपिअर, ५४ व्होल्टवर, म्हणजे जवळजवळ ४०० वॅट. शंभर वॅटच्या यंत्रांना चारशे वॅटचा पुरवठा! जो दीडशे वॅटचा घेतो, त्याच्याकडे पहिल्या दिवशी सगळे नीट चालते, चाचणीतही चालते. पण लाइन आठ तास येऊन दहा तास जात असेल तर त्या आठ तासांत बॅटरी पूर्ण भरत नाही. दुसऱ्या दिवशी ती अर्धवट भरलेल्या स्थितीतून सुरुवात करते, तिसऱ्या दिवशी आणखी खालून. शिशाची बॅटरी अर्धवट भरलेली राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसते आणि क्षमता कायमची जाते. मग दोष बॅटरी बनवणाऱ्याला दिला जातो. खरा दोष असतो चार्जरच्या आकारात.

या चारशे वॅटवरही अजून ऊन पडलेले नाही. मेच्या अखेरीस नवतपात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि ते मोजमाप सावलीतले, हवेचे. उन्हात उभ्या असलेल्या पत्र्याच्या पेटीत, आत स्वतःची उष्णता टाकणारी यंत्रे असताना, आणखी दहा-पंधरा अंश सहज चढतात. म्हणजे पेटीतले तापमान ५५ ते ६०. पुरवठ्याच्या माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात छापलेले वॅट बहुधा २५ अंशांचे किंवा फार तर ५० अंशांचे असतात. शेवटच्या पानावर एक आलेख असतो, त्यात ५० च्या पुढे रेषा खाली उतरते आणि ७० ला निम्म्याच्या आसपास येते. खरेदी करणाऱ्याने पहिले पान सोडून तो आलेख वाचावा. ६० अंशांना तीनचतुर्थांश क्षमता उरत असेल, तर चारशे वॅट मिळवायला साडेपाचशेचा संच लागतो. त्याहून चांगले म्हणजे तीन-तीनशे वॅटचे दोन रेक्टिफायर समांतर जोडावेत. एक बंद पडला तरी दुसरा यंत्रे चालवून बॅटरीही सावकाश भरत राहतो, आणि दुरुस्ती दुसऱ्या दिवशी केली तरी चालते.

उष्णता क्षमता कमी करते तशी ती आयुष्यही खाते. रेक्टिफायरमधला सर्वांत अल्पायुषी भाग म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. त्यातला द्रव हळूहळू उडून जातो आणि दर दहा अंशांमागे हा वेग साधारण दुप्पट होतो. १०५ अंशांवर ५,००० तासांची हमी असलेला कंडेन्सर ६५ अंशांवर चालला तर सुमारे ८०,००० तास, म्हणजे नऊ वर्षे टिकावा. ८५ अंशांवर २,००० तासांचा स्वस्त कंडेन्सर ५५ अंशांवर सतत चालला तर १६,००० तासांत, म्हणजे दोन वर्षांच्या आत संपतो. दोन्ही पुरवठ्यांचे वॅट तेच, व्होल्ट तेच, दिसायलाही सारखेच. पेटीत पंखा असेल तर तो कापसाच्या हंगामातली धूळ आणि तंतू आत ओढतो, म्हणून लहान ठिकाणी मी बिनपंख्याचा, मोठ्या उष्णतावाहक पंखांचा संच निवडण्याच्या बाजूने आहे, जरी तो जड आणि महाग असला तरी.

बॅटरीची गोष्ट आणखी नाजूक. शिशाच्या सीलबंद बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या आसपास मोजलेले असते आणि तेही दर दहा अंशांमागे अर्धे होते. शिवाय गरम बॅटरीला कमी व्होल्ट पुरतात. दर घटामागे दर अंशाला सुमारे ३ मिलिव्होल्ट कमी करावे लागतात. ४८ व्होल्टच्या बॅटरीत २४ घट. तापमान २५ वरून ४५ झाले तर ५४ व्होल्टचा चार्ज जवळजवळ दीड व्होल्टने खाली यायला हवा. रेक्टिफायरला बॅटरीच्या अंगाला चिकटवलेला तापमानाचा सेन्सर नसेल तर तो हे करू शकत नाही. मग गरम बॅटरीला जास्त व्होल्ट मिळतात, ती जास्त प्रवाह घेते, त्याने आणखी तापते, आतले पाणी उडते, पोट फुगते. विदर्भातल्या टॉवरसाठी हा सेन्सर ऐच्छिक मानू नये. तो नसलेला पुरवठा कितीही नामांकित असला तरी नाकारावा, असे माझे मत आहे.

आता व्होल्ट किती, हा प्रश्न. वनविभागाच्या बिनतारी संचांसारखे व्हीएचएफ संच १३.८ व्होल्टसाठी बनवलेले असतात, बिनतारी इंटरनेटचे अनेक रेडिओ २४ वर चालतात, आणि मोबाइलची यंत्रणा ४८ वर. मिश्र ठिकाणी मुख्य पट्टी ४८ चीच ठेवावी आणि इतर यंत्रांना लहान डीसी-डीसी कन्व्हर्टर द्यावेत. कारण तारेत आहे. चाळीस मीटर उंच चढायचे तर जाऊन-येऊन तांब्याची ८० मीटर तार लागते. अडीच चौरस मिलिमीटरची तार घेतली तर तिचा रोध ०.५५ ओहम. २४ वॅटचा रेडिओ १२ व्होल्टवर २ अँपिअर घेतो आणि तारेत १.१ व्होल्ट, म्हणजे नऊ टक्के, गमावतो. तोच ४८ वर अर्धा अँपिअर घेतो आणि गमावतो पाव व्होल्टहून थोडे जास्त. तारेत जळणारी वीज सोळाव्या हिश्शावर येते. टॉवरवर ६० अंशांपर्यंत तापलेल्या तांब्याचा रोध २० अंशांच्या मानाने सोळा टक्के वाढतो, म्हणजे उन्हाळ्यात १२ व्होल्टची अडचण आणखी वाढते. आणि ही यंत्रे ठरलेले वॅट घेणारच: बॅटरी उतरून व्होल्ट कमी झाले की ती जास्त प्रवाह ओढतात, तारेतले नुकसान वाढते, वर पोचणारे व्होल्ट आणखी घटतात. पहाटे बॅटरीत वीज शिल्लक असूनही वरचा रेडिओ बंद पडतो, त्याचे कारण बहुधा हेच. तारेचा हिशेब म्हणूनच ५४ व्होल्टवर न करता बॅटरीच्या शेवटच्या ४३ व्होल्टवर करावा.

त्यातच एक सापळा आहे. नेटवर्कच्या तारेतून वीज पाठवण्याची जी पीओई पद्धत आहे, तिच्या ३० वॅटच्या प्रकाराला पाठवणाऱ्या टोकाशी किमान ५० व्होल्ट लागतात. ४८ ची बॅटरी लाइन गेल्यावर थोड्याच वेळात ५० च्या खाली येते. स्विचमध्ये व्होल्ट वाढवणारा भाग नसेल, तर भरलेली बॅटरी खाली असताना वरचे रेडिओ बंद होतील. स्विचच्या पाटीवर ‘४८ व्होल्ट’ लिहिलेले असणे पुरेसे नाही. तो किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत पूर्ण वीज देतो, हे पाहावे. दूरसंचार यंत्रांसाठी मान्य पल्ला ४०.५ ते ५७ व्होल्टचा आहे, आणि त्यात बसणारे यंत्रच बॅटरीच्या पट्टीवर थेट जोडण्यालायक.

मोबाइलच्या यंत्रणेत ४८ च्या आधी उणे चिन्ह असते, कारण तिथे धन टोक जमिनीशी जोडलेले असते. जुन्या दूरध्वनी तारा ओल्या जमिनीतून जात. जमिनीपेक्षा धन असलेले तांबे ओलाव्यात विरघळत जाते, ऋण असलेले वाचते, म्हणून ही रीत पडली आणि टिकली. पण व्हीएचएफ संच आणि बहुतेक इंटरनेट रेडिओंचे ऋण टोक त्यांच्या धातूच्या खोक्याला जोडलेले असते. दोन्ही प्रकारची यंत्रे एकाच टॉवरच्या लोखंडावर बसवली आणि मधला कन्व्हर्टर दोन्ही बाजू विद्युतदृष्ट्या वेगळ्या ठेवणारा नसला, तर टॉवरचेच लोखंड शॉर्टसर्किटचा मार्ग होते. बॅटरी अशा वेळी शेकडो अँपिअर देते. त्यात घरगुती एसीचा एमसीबी लावलेला असेल तर तो भरवशाचा नाही. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी विझते, डीसीत तसा क्षण येतच नाही. डीसीसाठीच बनवलेला फ्यूज किंवा एमसीबी बॅटरीच्या अगदी जवळ बसवावा.

या सगळ्यावर सौरऊर्जेचे लोक म्हणतील की विदर्भात इतके ऊन आहे, तर पॅनेल लावून महावितरणचा प्रश्नच मिटवावा. दूरसंचार विभागाने जानेवारी २०१२ मध्येच ग्रामीण भागातले निम्मे टॉवर २०१५ पर्यंत अपारंपरिक आणि पारंपरिक अशा मिश्र विजेवर आणण्याचे निर्देश दिले होते, आणि एक लिटर डिझेलमधून छोटे जनित्र जेमतेम तीन युनिट देते हे लक्षात घेता ती दिशा योग्यच होती. पॅनेलची डीसी चार्ज कंट्रोलरमधून थेट त्याच पट्टीवर येते, हे तर डीसी रचनेचे आणखी एक बलस्थान. पण पॅनेलचा आकार मेवरून ठरवू नये. १०० वॅटचा भार दिवसाला २.४ युनिट खातो. चांगल्या उन्हात त्याला साडेसहाशे वॅटची पॅनेल पुरतील, आभाळ भरलेल्या जुलै-ऑगस्टमध्ये हजाराच्या आसपास लागतील. जुलै २०२२ च्या अतिवृष्टीत हिंगणघाट आणि समुद्रपूर तालुक्यांत पूर आला. अशा दिवसांत ऊन नसते, लाइन नसते आणि पांदणीतून डिझेल नेता येत नाही, आणि संपर्काची गरज मात्र तेव्हाच सर्वांत जास्त असते. म्हणजे या जिल्ह्यात दोन वाईट काळ आहेत. रेक्टिफायरची क्षमता मेवरून आणि बॅटरीचे तास जुलैवरून ठरवावेत.

दुसरा आक्षेप लिथियमचा. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी उष्णता अधिक सोसते, जवळजवळ पूर्ण उपसता येते, अर्धवट भरलेली राहिली तरी बिघडत नाही. पैसे असतील तर मी तीच सुचवीन. पण तिच्यामुळे पुरवठ्याची निवड सोपी होते, हे खरे नाही. तिचा मोठा गुण म्हणजे ती भराभर चार्ज होते, आणि लाइन तीन-चार तासच टिकणाऱ्या ठिकाणी हा गुण अमूल्य आहे. तो वापरायचा तर रेक्टिफायर आणखी मोठा हवा. शिवाय तिचे घट पंधरा आहेत की सोळा, यावर चार्जचे व्होल्ट बदलतात. शिशासाठी लावलेली जुनी मांडणी तशीच ठेवून बॅटरी बदलली, तर ती एक तर अपुरी भरते किंवा तिचे संरक्षक सर्किट अचानक सगळा भार तोडते.

तिसरा आक्षेप पैशांचा, आणि तो मी हलका मानत नाही. ग्रामपंचायतीच्या जागेत दोनचार गावांना इंटरनेट देणाऱ्या माणसाला साडेपाचशे वॅटचा औद्योगिक संच, सेन्सर, डीसी एमसीबी आणि आकाशातल्या विजेच्या झटक्यापासून वाचवणारे वीजरोधक हे सगळे एकदम घेणे जड जाते. त्याने कपात करायचीच असेल तर तासांत करावी, दर्जात नाही. दहाऐवजी पाच तासांची बॅटरी घेतली तर चार्जरही सुमारे दोन-तृतीयांशच लागतो, आणि पुढे ऐपत आली की दोन्ही वाढवता येतात. स्वस्त अडॅप्टर मात्र वाढवता येत नाही, फेकावाच लागतो, आणि त्याआधी आर्वी-आष्टी-कारंजाच्या टेकड्यांत त्याच्या मागे अनेक खेपा घालाव्या लागतात.

वीजरोधकाचे नाव निघाले म्हणून जमिनीबद्दल. वर्ध्याची काळी माती ओली असताना विजेला चांगली वाट देते. उन्हाळ्यात ती आटते, भेगाळते आणि अर्थिंगच्या सळईपासून सुटते. अर्थिंग सर्वांत कमजोर असते ते मेच्या अखेरीस, आणि वळवाच्या पावसाबरोबर विजा कडाडतात त्याही याच सुमारास. पावसाळ्यात मोजलेला अर्थिंगचा आकडा म्हणूनच फसवा असतो. तो मेमध्ये मोजावा, खड्ड्यात पाणी ओतण्याआधी. टॉवर, पेटी, डीसी पट्टीचे जमिनीचे टोक आणि महावितरणच्या जोडणीची अर्थिंग ही सगळी एकमेकांना जोडलेली असावीत, आणि वीजरोधक तारेच्या दोन्ही टोकांना, वर रेडिओजवळ आणि खाली पट्टीजवळ, बसवावेत.

दरपत्रक मागवताना या साऱ्यातून चार ओळी लिहाव्या लागतात: ६० अंशांना सतत किती वॅट, आत येणारे व्होल्ट किती ते किती, तापमानाचा सेन्सर सोबत आहे का, आणि बॅटरी उतरल्यावर भार किती व्होल्टवर तोडला जातो. विक्रेता पहिल्याच ओळीला २५ अंशांचा आकडा देत असेल, तर त्याला आलेख मागावा. आलेख नसेल तर दुसरा विक्रेता पाहावा. संच बसवल्यावर दरवर्षी एप्रिलमध्ये, नवतपाच्या आधी, लाइन हाताने बंद करून बॅटरी किती तास चालते ते घड्याळ लावून मोजावे, आणि लाइन परत दिल्यावर ती किती तासांत भरते तेही.